३३६ तासांचं कोडं सुटलं

सापडलं! माझा सर्व्हर दर काही दिवसांनी अचानक बंद पडून पुन्हा आपोआप चालू का होतो, त्याचं कारण. आणि ते सर्व्हरच्या कॅबिनेटमध्ये नव्हतंच.

मागच्या नोंदीत रॅम बदलून १० दिवस झाले होते आणि मी आशेवर होतो. त्यानंतर चौथ्याच दिवशी पहाटे पुन्हा तेच. जर्नल (सिस्टिमच्या नोंदींचा लॉग) अर्ध्यात तुटलेला, कर्नल पॅनिक (ऑपरेटिंग सिस्टिमच कोसळणं) नाही, तापमान नेहमीचंच, पॉवर बटण दाबल्याची नोंद नाही. आणि मिनिटाभरात मशीन आपलं आपण चालू.

हे ‘आपलं आपण’ मी इतके दिवस गृहीत धरलं होतं. एसएमपीएसचं, म्हणजे सर्व्हरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, ओव्हरलोड संरक्षण ट्रिप झालं असतं तर तो सहसा तसाच अडकून राहतो. मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठत नाही. माझ्या बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मात्र ‘वीज आल्यावर पूर्वीची स्थिती’ लावलेलं आहे. मग वीजच जाऊन येत असेल का? नेटवर्क स्विचचा अपटाइम (तो कधीपासून अखंड चालू आहे ते) पाहिला, तर तोही त्याच पहाटेपासूनचा! तो सर्व्हरच्याच यूपीएसवर (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणाऱ्या यंत्रावर) आहे. थेट भिंतीच्या सॉकेटवरचा राउटर तीन महिने अखंड चालू. म्हणजे भिंतीतली वीज गेलीच नव्हती.

मग वही उघडली. एकदा बंद पडल्यापासून पुन्हा बंद पडेपर्यंतचं अंतर: १४ दिवस, १४, १९, १६. या १९ आणि १६ नेच मला फसवलं होतं. १९ च्या वेळी पाचव्या दिवशी एसएमपीएस बदलला होता, १६ च्या वेळी दुसऱ्या दिवशी रॅम. दोन्ही वेळा काम करताना यूपीएस मागून बंद केला होता. पाच अधिक चौदा, दोन अधिक चौदा. अनेक यूपीएस दर ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी, स्वतःच, थोडा वेळ बॅटरीवर चालून, तिची चाचणी घेतात. माझा तेच करतो, आणि बंद करून चालू केला की त्याचे तास पुन्हा शून्यापासून मोजतो. प्रत्येक नव्या पार्टनंतर दोन आठवडे शांतता मिळायची ती यामुळे.

खात्री करायला सर्व्हर थेट भिंतीच्या सॉकेटवर घेतला, यूपीएसवर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि नटमधून (यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या NUT या सॉफ्टवेअरमधून) छोटी चाचणी सुरू केली. बल्ब विझला, क्षणभराने पुन्हा पेटला. त्या क्षणी झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही! चांगल्या बॅटरीवर जाताना होणारा काही मिलिसेकंदांचा खंड एसएमपीएस सहज पचवतो. हा खंड डोळ्यांना दिसण्याइतका होता.

मल्टिमीटरवर बॅटरी १३.५ व्होल्ट दाखवत होती, नटमध्ये चार्ज १०० टक्के. दोन्ही आकडे चार्जर जोडलेला असतानाचे. प्लग काढून बल्बचा लोड दिला तर दोन सेकंदांत १० व्होल्टच्या खाली. लोड दिल्याशिवाय लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज वाचूच नका, असं माझं आता ठाम मत आहे. एसएमपीएस टेस्टरचंही तेच: लोड न देता रेल्स (एसएमपीएसमधून निघणारे वेगवेगळे व्होल्टेज) दाखवणाऱ्या त्या डबीवर मी विनाकारण विश्वास ठेवला. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र दोष नाही. दोन रात्री गेल्या, पण रॅम निर्दोष आहे हे त्याने खरंच सांगितलं होतं.

नवा मदरबोर्ड घेणं अर्थातच रद्द. नवी मागवलेली पहिली बॅटरी परत पाठवली, कारण तिच्यावरचा उत्पादनाचा महिना दीड वर्षापूर्वीचा होता. न चार्ज करता कपाटात पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरते, आणि तारीख विचारल्यावर टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून मी पुन्हा घेणार नाही. मधे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा विचार आला होता, पण यूपीएसचा चार्जर आणि उरलेल्या वेळेचा हिशेब दोन्ही लेड-ॲसिडसाठी बसवलेले आहेत, म्हणून सोडला.

दुसरी बॅटरी बसवली. बल्ब लुकलुकलासुद्धा नाही.

स्वयंचलित चाचणी बंद करून टाकायची असं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच वाटतंय की ती राहू द्यावी. त्याशिवाय दर रविवारी सकाळी, बॅकअप संपल्यावर, मीच क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) चाचणी लावीन आणि निकाल लॉगमध्ये घेईन. नट सर्व्हरवरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हलवतो, म्हणजे सर्व्हर पडला तरी यूपीएसची नोंद शिल्लक राहील. स्विचचा अपटाइमही आता त्याच ग्राफवर.

नव्या बॅटरीचे ३३६ तास येत्या गुरुवारी पहाटे भरतात. सर्व्हर आजच यूपीएसवर परत घेतलाय.