दोन चाइल्ड सीट, आई आणि चार मीटरची गाडी

धाकटी झाली आणि घरात पहिला वाद पेटला तो गाडीत कोण कुठं बसणार यावर. आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला, गाव अंबाजोगाईजवळ. गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज असा चांगला चार-पाच तासांचा रस्ता. मुलगा चार वर्षांचा, मुलगी पाच महिन्यांची, सोबत आई. गाडी म्हणजे नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू यांच्या वर्गातली छोटी एसयूव्ही. या गाड्या दिसायला उंच आणि भारदस्त, पण करात सवलत मिळावी म्हणून सगळ्यांची लांबी चार मीटरच्या आत ठेवलेली. ही काटकसर कुठं केलीय ते मागं चाइल्ड सीट लावायला घेतली की समजतं.

आईचं म्हणणं सरळ होतं. "कामून जखडून ठिवायलात लेकराला? माझ्या मांडीवर बसंल की." तिला मी कायदा सांगितला नाही. खरं तर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १००० रुपये दंड आहे, पण दंडाला आमच्याकडं कोण भितंय? एवढंच सांगितलं, की ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं लेकरू दोन-तीनशे किलोच्या जोरानं पुढं फेकलं जातं. तुझे हात ते धरतील का? ती गप्प बसली. पटलं असं मात्र म्हणाली नाही.

सीट घेताना मी दुकानदारापेक्षा गाडीच्या मॅन्युअलवर जास्त विसंबलो. कुठल्या जागेवर कुठल्या प्रकारची सीट चालते याचा तक्ताच त्यात असतो. आमच्या गाडीत आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला जोडायचे आकडे, फक्त मागच्या दोन कडेच्या जागांना आहे, मधे नाही. मुलीसाठी उलट्या तोंडाची, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी, आयसोफिक्स आणि खाली टेकू देणारा पाय असलेली सीट घेतली. चाइल्ड सीटच्या नव्या आर१२९ या सुरक्षा मानकात १५ महिन्यांपर्यंत बाळ उलटंच बसवायचं असतं. अशी सीट पुढं, चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही. एअरबॅग उघडली की ती सीटच्या पाठीवरच आदळते. मुलासाठी सरळ तोंडाची, वरून पट्टा बांधायची सीट घेतली.

दुकानातल्या पोरानं मुलाची सीट झटक्यात लावून दिली आणि वरचा पट्टा डिकीत सामान बांधायच्या हुकाला अडकवला! तो हुक त्यासाठी नसतो. खरा अँकर, म्हणजे हा पट्टा अडकवायची पक्की जागा, आमच्या गाडीत सीटच्या पाठीमागं आहे. घरी येऊन मी सगळं सोडलं आणि पुन्हा लावलं. पाठ आणि गादीच्या फटीत बोटं घातली की दोन लोखंडी आकडे लागतात, एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर. सीटचे दोन्ही हात त्यात 'टक' करून बसले पाहिजेत, आणि दोन्हीकडं हिरवी खूण दिसली पाहिजे. एकीकडची हिरवी दिसली म्हणून भागत नाही. मग सीटवर गुडघा दाबायचा, वरचा पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून मागं न्यायचा, अँकरला अडकवायचा आणि ताणायचा. मागची पाठ घडीची असेल तर तिचं लॉक पक्कं लागलंय का तेही बघायचं, कारण पट्टा त्या पाठीलाच लटकलेला असतो. मुलीच्या सीटचा पाय खालच्या पक्क्या फरशीवर टेकवला. गाडीच्या फरशीत झाकणाचा कप्पा असेल तर त्यावर पाय टेकवायचा की नाही, हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा.

लावणं जमलं. बसवणं राहिलं. उलटी सीट आतून भरपूर लांबी खाते. माझ्या मागं लावली तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, आणि डावीकडं लावली तर पुढं आईला पाय पसरता येईनात. तिचे गुडघे आधीच दुखतात. शेवटी बायको म्हणाली, "मी चालवते ना." तिची सीट तशीही पुढंच असते. मुलगी तिच्या मागं, आई पुढं आरामात, मुलगा आईच्या मागं, आणि दोन सीटांच्या मधे अंग चोरून मी. मधल्या बेल्टचं बकल बाजूच्या सीटखाली दबतं, म्हणून माझा बेल्ट लागतो की नाही हे आधीच तपासलं होतं. तुमच्याकडं मधे कोणी बसणार असेल तर सीट विकत घ्यायच्या आधीच ते बघा.

पट्ट्यांची एक चाचणी मला आवडली: लेकराच्या खांद्यावर पट्टा चिमटीत धरायचा, घडी पडली तर सैल आहे, आवळा. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या बरोबरीला किंवा किंचित खाली, सरळ सीटमध्ये बरोबरीला किंवा किंचित वर. उन्हाळ्यात बीडला थांबून पुन्हा बसवताना बकलला आधी हात लावून बघतो. ४२ अंशात ते चटका देतं. आता उभ्या गाडीत सीटवर पांढरं उपरणं टाकून ठेवतो.

मुलगा वाढायला लागलाय. त्याच्या सीटचे पट्टे १०५ सेंटीमीटर उंचीपर्यंतच चालतात, त्यानंतर गाडीच्या बेल्टसोबत वापरायची बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून लेकराला उंच बसवणारी सीट. म्हणजे पुढच्या दिवाळीआधी पुन्हा मोजपट्टी काढावी लागणार, आणि मधल्या बकलचं तेवढं परत बघावं लागणार.