१ जुलैला अडकलेला चेक

रोटरी या जगभरच्या सेवाभावी क्लबांच्या संघटनेचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्या एका रात्रीत जगभरातल्या क्लबांचे अध्यक्ष, प्रांतांचे (प्रांत म्हणजे एका भागातल्या क्लबांचा गट) प्रांतपाल आणि सगळ्यात वरचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष, सगळेच बदलतात. बाहेरच्यांना पदग्रहणाचे हारतुरे दिसतात. प्रांताच्या अनुदान उपसमितीत काम करणाऱ्यांना मात्र हा दिवस आठवतो तो फायलींमुळे. त्यातलं एक प्रकरण इथे मांडतो. संस्थेची रचना कुठे ताणली जाते आणि कुठे तग धरते, दोन्ही त्यात दिसलं.

प्रकरण पिण्याच्या पाण्याच्या योजनेचं होतं: विंधनविहीर, पंप, उंच टाकी, क्लोरीन सोडण्याचं यंत्र आणि सार्वजनिक नळ. टाकी उभी राहिली होती, ठेकेदाराचा हप्ता देणं होतं, खात्यात पैसेही होते. पण १ जुलैला चेकवर सही करायला कोणी नव्हतं. बँकेत सह्या होत्या त्या मावळत्या अध्यक्षांच्या आणि मावळत्या खजिनदारांच्या. अध्यक्ष बदली होऊन परदेशी गेलेले. खजिनदारांनी मुदत संपली म्हणून चेकबुक नव्या अध्यक्षांच्या स्वाधीन केलेलं. आता चेकबुक एकाकडे आणि सहीचा अधिकार दुसऱ्याच दोघांकडे. पंप बसवणारा ठेकेदार पैशाशिवाय पुढे सरकायला तयार नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

हे पैसे क्लबचे नव्हते, म्हणून प्रकरण आमच्या उपसमितीकडे आलं. योजना रोटरी फाउंडेशनच्या, म्हणजे रोटरीच्या देणगी निधीचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या, ग्लोबल ग्रँटमधून (मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांच्या अनुदानातून) होती. अशा अनुदानासाठी प्रकल्पाचं अंदाजपत्रक किमान ३०,००० डॉलरचं लागतं आणि दोन भागीदार लागतात: जिथे काम होणार तिथला यजमान क्लब किंवा प्रांत, आणि दुसऱ्या देशातला आंतरराष्ट्रीय भागीदार. इथे दोन्ही प्रांतांनी आपापल्या डीडीएफमधून, म्हणजे प्रांताच्या वाट्याच्या निधीतून, मिळून २०,००० डॉलर दिले होते. त्यावर फाउंडेशनच्या वर्ल्ड फंडाने, म्हणजे तिच्या सामायिक निधीने, ८० टक्के, म्हणजे १६,००० डॉलरची भर घातली. क्लबांनी रोख ६,००० दिले. रोख रकमेवर फाउंडेशन भर घालत नाही, उलट ती फाउंडेशनमार्फत पाठवली तर प्रक्रियेच्या खर्चापोटी ५ टक्के जादा भरावे लागतात, इथे ३००. म्हणजे कामासाठी एकूण ४२,००० डॉलर.

डीडीएफ येतो कुठून, हे नव्या पदाधिकाऱ्यांना बहुधा माहीत नसतं. सभासदांनी वार्षिक निधीला दिलेली देणगी तीन वर्षं गुंतवून ठेवतात आणि मग तिचा साधारण निम्मा भाग त्या प्रांताकडे परत येतो. म्हणजे आजचा प्रांतपाल जे पैसे वाटतो ते तीन वर्षांपूर्वीच्या प्रांतपालाच्या काळात जमलेले असतात. पदाची मुदत एक वर्ष, पैशाचं चक्र त्याहून लांब. या संस्थेतले निम्मे घोटाळे (गैरव्यवहार नव्हे, गोंधळ) या तफावतीतून होतात.

नियम यावर अगदी स्पष्ट आहेत. अनुदान घ्यायचं तर क्लबला आधी पात्र ठरावं लागतं: प्रांताच्या अनुदान प्रशिक्षणाला माणूस पाठवायचा आणि सामंजस्य करारावर सह्या करायच्या. अनुदानाचे पैसे ठेवायला स्वतंत्र खातं आणि प्रत्येक व्यवहारावर क्लबच्या दोन सभासदांच्या सह्या, हे त्या करारातच आहे. सही करणारे बदलले तर खात्याचा ताबा कसा हस्तांतरित करायचा, त्याची लेखी योजनाही हवी. या क्लबच्या फाईलमध्ये तो कागद होता, पण नमुना उतरवून काढलेला. त्यात ‘संबंधित पदाधिकारी’ एवढंच लिहिलेलं. कोण, कधी, बँकेला काय देणार, यातलं काहीच नाही.

मग ओळीने कामं झाली. क्लबच्या संचालक मंडळाची बैठक बोलावली, नव्या सह्यांचा ठराव इतिवृत्तात घेतला. आम्ही एक सुचवणी आग्रहाने केली: सह्या अध्यक्ष-खजिनदार या पदांना बांधू नका, प्रकल्पाच्या अनुदान समितीला बांधा. ग्लोबल ग्रँटमध्ये दोन्ही भागीदारांची प्रत्येकी तीन जणांची समिती असते आणि त्यातला एक मुख्य संपर्क. काम संपेपर्यंत ही माणसं बदलू नयेत, हीच अपेक्षा असते. ठराव, ओळखपत्रं आणि जुन्या सहीदारांचं पत्र एकत्र बँकेत गेलं. परदेशी गेलेल्या अध्यक्षांच्या पत्राने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, कारण बँकेला मूळ सही हवी होती, स्कॅन चालत नव्हता. कोणीतरी सुचवलं की आधीच सही करून ठेवलेले कोरे चेक वापरू. ते आम्ही तिथेच थांबवलं. कोरा सही केलेला चेक म्हणजे दोन सह्यांचा नियम कागदावरच ठेवणं.

बँकेचं काम चालू असतानाच खरा अवघड प्रश्न पुढे आला. नव्या अध्यक्षांनी फाईल चाळली. पंपाची निविदा अंदाजाहून कमी रकमेत गेली होती, थोडी रक्कम उरत होती. त्यांचं म्हणणं, ती शाळेच्या संगणकांना वळवू. ‘माझ्या वर्षात’ शिक्षणाचा प्रकल्प हवा. माणूस मनापासून बोलत होता आणि उत्साहीही होता. पण हे होत नाही. मंजूर अंदाजपत्रकात किंवा कामाच्या व्याप्तीत बदल करायचा तर फाउंडेशनची संमती आधी लागते, आणि पाण्याच्या अनुदानातून संगणक घेण्याला ती मिळणार नव्हतीच. उरलेली रक्कम योजनेतच कामी लावता येत होती: पाण्याची तपासणी, सुटे भाग आणि पाणी समितीचं प्रशिक्षण. पाण्याच्या योजना बंद पडतात त्या बहुतेक टाकीमुळे नाही. पंपाचा सील गेला तर बदलायचा कोणी आणि पैसे कुठून, हे ठरलेलं नसतं. क्लोरीन संपतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे आमच्या मते ती रक्कम तिथेच जाणं योग्य होतं.

ते तरी म्हणाले, प्रांतपालांना सांगून करून घेतो. इथे रचना समजून घ्यावी लागते. रोटरीत वरून खाली हुकूम जात नाही. व्यक्ती क्लबची सभासद असते आणि क्लब रोटरी इंटरनॅशनलचा सभासद असतो. प्रांतपाल हा प्रांतातला रोटरी इंटरनॅशनलचा एकमेव अधिकारी, पण क्लबने अध्यक्ष कोण निवडावा किंवा स्वतःचा निधी कशावर खर्च करावा, हे तो ठरवू शकत नाही. आणि फाउंडेशनचा पैसा तर त्याच्याही हातात नाही. रोटरी इंटरनॅशनलचं संचालक मंडळ १९ जणांचं: अध्यक्ष, नियोजित अध्यक्ष आणि दोन वर्षांच्या मुदतीचे १७ संचालक. फाउंडेशन ही वेगळी कायदेशीर संस्था. तिचे १५ विश्वस्त, मुदत चार वर्षं. घटना आणि उपनियम बदलायचे तर त्यासाठी तिसरीच सभा आहे, दर तीन वर्षांनी भरणारी कौन्सिल ऑन लेजिस्लेशन, जिथे प्रत्येक प्रांताचा एक प्रतिनिधी मत देतो. हे सगळं किचकट वाटतं खरं, पण एका वर्षाच्या उत्साहाने अनेक वर्षांचं काम वळवता येऊ नये, याची सोय त्यातच आहे.

अनेक वर्षांचं काम किती अनेक, याला पोलिओइतकं चांगलं उदाहरण नाही. पोलिओप्लस हा रोटरीचा पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून अध्यक्ष दर जुलैला बदलत आले, मोहीम मात्र तीच राहिली. पोलिओच्या नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा दुसरा प्रकार २०१५ मध्ये आणि तिसरा २०१९ मध्ये संपुष्टात आल्याचं जाहीर झालं. ‘माझ्या वर्षातला प्रकल्प’ म्हणून हे झालं नसतं.

प्रांतातही सातत्याची जागा ठेवलेली आहे. प्रांतपाल पद घेण्याच्या किमान २४ महिने आधी निवडला जातो, त्यामुळे पुढचे दोघे आधीपासून कामात असतात. प्रांताच्या फाउंडेशन समितीचा अध्यक्ष तीन वर्षांसाठी असतो. डीडीएफ वापरायला त्याची आणि प्रांतपालाची अशी दोघांची मंजुरी लागते. या प्रकरणात त्याच अध्यक्षांनी नव्या क्लब अध्यक्षांशी बोलून विषय मिटवला: पाण्याची फाईल आहे तशी चालेल, शाळेसाठी प्रांतीय अनुदानाचा (लहान कामांना प्रांतामार्फत मिळतं त्याचा) वेगळा अर्ज करा. पण अट एकच, जुना अहवाल थकलेला नको. पहिली रक्कम मिळाल्यापासून १२ महिन्यांत प्रगती अहवाल द्यावा लागतो, मग दर १२ महिन्यांनी. काम संपल्यावर दोन महिन्यांत अंतिम अहवाल. अहवाल थकला की नवे अर्ज घेतच नाहीत. या क्लबचा प्रगती अहवाल थकण्याच्या बेतात होता, कारण ऑनलाइन अर्जावर मुख्य संपर्क म्हणून त्या परदेशी गेलेल्या अध्यक्षांचंच नाव होतं आणि आठवणीची पत्रं त्यांच्याच ईमेलवर जात होती.

मुख्य संपर्क बदलला, अहवाल गेला, चेक निघाला, पंप बसला. त्यानंतर आमच्या उपसमितीने एक पद्धत घालून घेतली. ज्या क्लबचं अनुदान चालू आहे त्याच्याकडून मे महिन्यातच तीन गोष्टी मागवायच्या: पुढच्या वर्षीचे सहीदार आणि बँकेची पोच, मुख्य संपर्काचं चालू नाव, आणि बिलं-पावत्या कुठे ठेवल्या आहेत त्याची यादी. कागदपत्रं किमान पाच वर्षं जपावी लागतात आणि तेवढ्या काळात क्लबचे पाच अध्यक्ष होऊन जातात. म्हणून यादीत कपाटाची किल्ली कोणाकडे आहे तेही लिहून घेतो.