तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरल गणिती होता का?

‘ॲलिस लिहिणारा लुईस कॅरल खरंच गणिती होता, की नुसता गणिताचा मास्तर?’ हा प्रश्न काही सुटत नाही. त्याला जोडून राणी व्हिक्टोरियाला त्याने निश्चयकांचं (चौकोनी मांडणीतल्या आकड्यांतून ठरावीक रीतीने निघणारा आकडा म्हणजे निश्चयक) पुस्तक धाडल्याची गोष्टही येते. ती खोटी आहे. त्याने स्वतःच तसं छापून सांगितलं होतं.

त्यापेक्षा १८६६ बघा. चार्ल्स डॉजसनने (खरं नाव हेच) रॉयल सोसायटीपुढे मोठा निश्चयक आकसत नेण्याची रीत मांडली. दहावीला क्रेमरच्या पद्धतीत २×२ चा निश्चयक काढलात ना, तेवढं पुरतं. ओळी घ्या: १ ३ २, ४ २ १, ३ ५ ६. शेजारच्या चार-चार आकड्यांचे निश्चयक येतात −१०, −१, १४, ७. या चौघांचा निश्चयक −५६. त्याला मूळच्या मधल्या आकड्याने, २ ने, भागा: −२८. झालं.

आता तो २ खोडून ० लिहा. चार निश्चयक −१२, ३, २०, −५. त्यांचा निश्चयक ०, आणि भागायचंही ० नेच. खरं उत्तर अजूनही −२८ आहे (हे आकडेच तसे), पण रीत रुतली. मोठ्या मांडणीत तर हे शून्य तिसऱ्या-चौथ्या पायरीला उगवतं, पानभर आकडेमोड झाल्यावर. शून्यापुढे लटपटणारी रीत कसली, असं पूर्वी मीच म्हणायचो. पण तोडगा त्याने त्याच निबंधात दिलाय: वरची ओळ उचलून तळाशी ठेवा. ४ ० १, ३ ५ ६, १ ३ २. मध्ये ५ आला. २० आणि −५ काढलेलेच आहेत. नवे फक्त ४ आणि −८. −१४० भागिले ५, −२८. ओळींची संख्या सम असेल तर दर हलवणीला चिन्ह उलटतं; घाईत तेच उलटायचं राहून जातं. आणि काही मांडण्यांत कितीही ओळी फिरवा, शून्य हटतच नाही.

पाया जर्मन गणिती जाकोबीच्या प्रमेयाचा, कबूल. १८७९ साली त्याने नाटकाच्या रूपात युक्लिडच्या जुन्या भूमितीची वकिली केली, तेही कबूल. पण १९८०च्या दशकात रॉबिन्स आणि रम्सी हे गणिती हीच रीत उलगडत बसले आणि त्यातून आल्टर्नेटिंग साइन मॅट्रिक्स निघाल्या (०, १ आणि −१ च्या चौकोनी मांडण्या, ज्यांत दर आडव्या-उभ्या ओळीत १ आणि −१ आलटून-पालटून येतात आणि बेरीज १ होते). त्या डॉजसनला दिसल्या नव्हत्या. मग त्याला श्रेय किती द्यायचं? मी कधी निम्मं देतो, कधी तेवढंही नाही.