उंदराचा सीसीआर-२ आणि न दिसलेला पट्टा

सांगलीतील ज्या महाविद्यालयात मी पीएच.डी. करते, तेथे उंदराच्या अस्थिमज्जेच्या नमुन्यांवर वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलमधून वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) करताना सीसीआर-२ या केमोकाईन रिसेप्टरची (पेशींना बोलावणारा रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनाची) अँटिबॉडी दर वेळी दोन पट्टे दाखवत असे, आणि त्यांतला खरा कोणता हे ठरवायला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी सीसीएल-२ या केमोकाईनच्या हाकेला ओ देऊन अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात आणि ती हाक सीसीआर-२ ऐकतो. त्यामुळे पट्टा चुकला असता तर प्रबंधाचे एक प्रकरणच कोसळले असते. "शुद्ध प्रथिन मागव, शेजारच्या वेलमध्ये चालवून बघ, मग बोलू," एवढेच माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. वेल म्हणजे नमुना घालायची जेलमधली खाच.

तीन कोटेशने, खरेदी समितीची सही आणि आयातीची वाट पाहणे यांत किती आठवडे गेले ते सांगण्यासारखे नाही. निवड करतानाचा विचार मात्र सांगण्यासारखा आहे. हे ३७३ अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीपटल सात वेळा आरपार ओलांडते. त्याचे हे सात भाग पाण्याला नकोसे असल्यामुळे ते पटलाबाहेर काढले की गोळा होऊन बसते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तयार केलेले महागडे प्रथिन आमच्या अनुदानात बसणारे नव्हते, म्हणून ई. कोलायमध्ये बनवलेले, टोकाला हिस्टिडिनची शेपटी जोडलेले पूर्ण लांबीचे प्रथिन मी घेतले. जिवाणू त्यावर शर्करेच्या साखळ्या चढवत नाहीत आणि टायरोसिनवर सल्फेटही जोडत नाहीत, त्यामुळे सीसीएल-२ त्याला कसे चिकटते हे तपासण्यासाठी ते उपयोगाचे नव्हते. मला मात्र केवळ ओळख पटवायची होती.

थर्माकोलचा खोका घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याने "बेदाणा आहे का?" असे विचारले, यात त्याचा दोष नाही, आमच्याकडे थंड ठेवण्याची वस्तू म्हणजे आधी बेदाणाच. कुपीच्या तळाशी ५० मायक्रोग्रॅम पांढरी पूड जेमतेम दिसत होती. झाकणाला चिकटलेला कण वाया जाऊ नये म्हणून उघडण्यापूर्वी कुपी क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात पूड विरघळवली आणि तेवढेच ग्लिसरॉल मिसळून १०-१० मायक्रोलिटरचे २० अलिकॉट (छोटे वाटे) केले. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे या प्रथिनाला सोसत नाही. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ते उणे २० अंशांनाही द्रवच राहते. तरीही आमच्याकडच्या विजेवर विसंबण्याची हिंमत नव्हती, म्हणून निम्मे अलिकॉट कोरड्या बर्फात ठेवून मिरजेतील एका प्रयोगशाळेच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये पोहोचवले.

पहिल्या ब्लॉटवर प्रथिनाच्या वेलमध्ये काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा दुप्पट प्रथिन घातले, तरी अपेक्षित जागा कोरीच राहिली. फक्त वेलच्या तोंडाशी एक काळा डाग होता. माल खराब आला अशी माझी खात्रीच झाली होती आणि पुरवठादाराला पाठवायचे तक्रारीचे पत्रही मी लिहून ठेवले होते. ते वाचून मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "नमुना उकळलास?" अर्थातच उकळला होता, एम.एस्सी.पासून ९५ अंशांवर पाच मिनिटे हा हाताला पडलेले वळणच होते. पण उकळल्यावर पटलातील असली प्रथिने एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात आणि तो गठ्ठा जेलमध्ये शिरतच नाही. तिसऱ्यांदा नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवला आणि पट्टा उमटला. हिशेबाने तो ४३ किलोडाल्टनच्या वर यायला हवा होता, प्रत्यक्षात ४० च्याही खाली आला. मात्र पटलातील प्रथिने एसडीएस (जेलसाठी नमुन्यात घालतात ते डिटर्जंट) जास्त धरतात आणि वजनाच्या मानाने पुढे पळतात, हे तोवर वाचून झाल्यामुळे या वेळी पत्र लिहायला बसले नाही.

आता अस्थिमज्जेतील कोणताही पट्टा याच्या रेषेत येत नव्हता, आणि तो यावा अशी अपेक्षा धरणेही चूकच होते, कारण उंदराच्या पेशीतील प्रथिनावर शर्करा असू शकते, मी मागवलेल्या प्रथिनावर नव्हती. म्हणून अँटिबॉडीचे दोन भाग केले, त्यांपैकी एकात आधी ते मागवलेले रिकॉम्बिनंट (जिवाणूत बनवलेले) प्रथिन भरपूर मिसळून ठेवले, म्हणजे सीसीआर-२ ओळखणारी अँटिबॉडी त्यालाच चिकटून संपेल आणि ब्लॉटवरचा खरा पट्टा मावळेल, आणि दोन सारख्या ब्लॉटवर ते वेगवेगळे वापरले. प्रथिन मिसळलेल्या भागात वरचा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला, खालचा जशाच्या तसा राहिला.

त्यामुळे खालचा पट्टा परका, हे मी निश्चितपणे लिहिले आहे. वरचा पट्टा सीसीआर-२ चाच, असे लिहिताना मात्र "बहुधा" हा शब्द ठेवला, कारण सीसीआर-२ शी साम्य असलेले दुसरे प्रथिनही अशा चाचणीत मावळू शकते. हे जनुक निकामी केलेले उंदीर १९९७ सालीच तयार झाले आहेत. त्यांच्या अस्थिमज्जेचा नमुना मिळवण्यासाठी मॅडमनी एका संस्थेला पत्र पाठवले आहे. तो येईपर्यंत उरलेले १३ अलिकॉट तसेच राहतील.