इंजिन अंगणात का उतरवलं?

पिकअपचं इंजिन गॅरेजला न देता घरच्या अंगणात का उतरवलंत, हे मला बंदरावर विचारतात, आंब्याच्या वखारीत विचारतात, गणपतीला आलेले मुंबईकरही विचारतात. पैसे वाचवायला केलं असेल, असा बहुतेकांचा समज. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मजुरी वाचते, पण मला हवा होता तो वेळ. आपल्या किनाऱ्यावर इंजिन उचलणं सोपं आहे. त्याआधी गंजलेले बोल्ट न तोडता सोडवणं, हेच खरं काम.

गाडी बोलेरो पिकअप. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासळी आणि हंगामात हापूस घेऊन आंबा घाट चढणारी. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर यायला लागला, ऑइल प्यायला लागली, तेव्हा पिस्टन ज्यात वरखाली होतो ते बोअर झिजल्याचं कळलं. वरचं हेड आणि खालचं ऑइलचं चेंबर इंजिन गाडीत असतानाही उतरतात, पण बोअर नव्याने कापून घ्यायचं तर अख्खा ब्लॉक मशीनवर न्यावा लागतो.

आता गंजाचं. मासळीच्या गाडीला खारट पाण्याची सवयच. वरून क्रेटमधलं पाणी गळतं, खालून बंदरावरच्या डबक्यांतलं उडतं. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे तेवढा दमटपणा रोजचा. त्यामुळे गाडी शेडमध्ये उभी असली तरी बोल्टाचे आटे ओलेच. त्यातून इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट लोखंडी. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकत्र आले की ते एकमेकांना धरूनच बसतात.

अशा बोल्टावर जोर चालत नाही. संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारायचं आणि गाडीकडे पाठ फिरवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचं, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे. मग आधी किंचित आवळायचं, नंतर सैल करायचं. थोडं पुढे, थोडं मागे. सायलेन्सरच्या फ्लँजचे नट एवढ्यानंही ऐकत नाहीत, ते तापवावे लागतात. त्याआधी डिझेलची लाइन आणि बॅटरी काढून लांब ठेवलेली असावी. गॅरेजमध्ये हा धीर धरणं मेकॅनिकला परवडतच नाही, दारात पुढची गाडी उभी असते. मग जोर वाढवायला पान्याला पाइप लागतो, बोल्टाचं डोकं तुटतं, आणि उरलेला तुकडा ड्रिलने काढताना हाउसिंगचे आटे जातात.

उचलायला एक टनाची चेन कप्पी आणि जाड पाइपांची तिकाटी भाड्याने आणली. शेजारचे काका म्हणाले, "आंब्याची फांदी आहे की, कशाला खर्च?" मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही कोणी म्हटलं तर ऐकू नका. इंजिन दोन-अडीचशे किलो तरी धरून चालायचं, आणि फांदी मोडायच्या आधी सांगत नाही. घराच्या वाशांचंही तेच, ते कौलांच्या भारासाठी घातलेले असतात. जांभ्याचे चिरे तर गाडीखाली अजिबात लावू नयेत. भिंतीत चिरा उत्तम, पण जॅकचा भार एका ठिकाणी आला की फुटतो. गाडी लोखंडी स्टँडवर, आणि तिकाटीच्या तिन्ही पायांखाली जाड फळ्या, नाहीतर पाय अंगणात रुततात.

बॉनेट, ग्रिल, रेडिएटर काढला की पुढून वाट मोकळी होते. वायरिंगचे फोटो काढून प्रत्येक कपलरला चिकटपट्टीवर नंबर घातला होता. गिअरबॉक्सला खालून जॅकचा टेकू हवाच. इंजिन सरळ पुढे सरकून प्रायमरी शाफ्टवरून, म्हणजे गिअरबॉक्समधून क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्यावरून, सुटलं पाहिजे. मध्येच गिअरबॉक्स त्यावर लोंबला तर शाफ्टला आणि क्लच प्लेटला मार बसतो. एकदा सुटलं की इंजिन हलवायचं नाही. ते कप्पीला राहू द्यायचं, गाडी चाकांवर घेऊन चौघांनी मागे ढकलायची, आणि इंजिन खाली जुन्या टायरवर बसवायचं. लटकत्या इंजिनाखाली कोणी हातसुद्धा घालायचा नाही, हे मुलांना मी दरडावून सांगितलं होतं.

या इंजिनात कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब हजार बारच्या वर जातो. त्यामुळे पाइप सोडला की त्याचं तोंड लगेच बंद करायचं. आपल्या वाऱ्यात वाळू असते, आणि इंजेक्टरला तिचा एक कणही पुरतो. तसंच जुनं ऑइल. जांभा सच्छिद्र, सांडलेलं खाली मुरतं आणि विहिरीची वाट धरतं. म्हणून खाली पत्र्याचा ट्रे, ऑइल आणि कूलंट वेगवेगळ्या कॅनमध्ये, आणि कॅन जुनं ऑइल घेणाऱ्याकडे. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

तुम्हालाही काढायचं असेल तर हंगाम बघा. १ जूनला मासेमारी बंदी लागते, आंबा आटपलेला असतो आणि मिरग ७ जूनच्या सुमाराला येतो. कोरडं अंगण आणि रिकामी गाडी एकत्र मिळते ती तेवढ्या दिवसांत. तेल मारायला मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यातच सुरुवात करा, आणि ब्लॉकसाठी मशीनवाल्याकडे आधी नंबर लावून ठेवा, कारण बंदी लागली की होड्यांची इंजिनंही त्याच्याकडेच येतात.