राइटसाठी केलेला अल्बम

रविवार, रात्र

आज पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द एंडलेस रिव्हर’ सलग ऐकला आणि मग २०१४ साली त्यावर आलेली परीक्षणं काढून वाचली. बऱ्याच जणांचा सूर एकच: शिळ्या कढीला ऊत. ‘द डिव्हिजन बेल’ या आधीच्या अल्बमच्या वेळचे, म्हणजे १९९३-९४चे उरलेसुरले तुकडे काढले, त्यांवर गिटार-ड्रम चढवले आणि नावावर विकले. खपला मात्र धडाक्यात, इंग्लंडमध्ये थेट पहिला नंबर.

आरोप अगदीच खोटा नाही. ‘इट्स व्हॉट वी डू’ सुरू झालं की १९७५चं त्यांचंच ‘शाइन ऑन’ आठवतंच, आणि ते आठवलं की हे फिकं पडतं. पण ‘यात गाणीच नाहीत, नुसती वाद्यं’ ही तक्रार मला पटत नाही. हा अल्बम बँडचा की-बोर्डवादक रिक राइट याच्यासाठी केलाय. तो २००८मध्ये गेला. जुन्या टेपांवर त्याचे की-बोर्ड होते, त्यांच्याभोवती गिटारवादक गिल्मोर आणि ड्रमवादक मेसन नव्यानं वाजवत गेले.

काय परवड झाली या माणसाची! ‘द वॉल’ या अल्बमच्या वेळी बँडमधल्याच रॉजर वॉटर्सनं त्याला बँडबाहेर काढलं आणि त्याच ‘वॉल’च्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून उभा राहिला. (त्यात बाकी तिघांना खोट आली, पगारदार तेवढा फायद्यात राहिला.) १९८७च्या अल्बमवरही तो पूर्ण सभासद नव्हताच.

‘ऑटम ’६८’ हा यातला तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा. राइटनं १९६९मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला अवाढव्य पाइप ऑर्गन वाजवला होता, ते हे ध्वनिमुद्रण. ऑर्गन खालून भरत येतो, गिल्मोरची गिटार वर नुसती रेंगाळते, आणि आपण जरा सावरून बसतो तोवर तुकडा संपलेलासुद्धा असतो. समीक्षकांनी याला ‘अर्धवट’ म्हटलं तर म्हणोत. मी तो परत परत लावला.

गाणं हवं असणाऱ्यांना शेवटी एक मिळतं, ‘लाउडर दॅन वर्ड्‌स’. शब्द गिल्मोरच्या बायकोचे, पॉली सॅमसनचे. आम्ही भांडतो, पण एकत्र वाजवायला बसलो की जमतं, असा मजकूर. पाऊण तास वाद्यांनी जे सांगितलं तेच पुन्हा शब्दांत! अख्ख्या अल्बममध्ये मला कंटाळा आला तो इथेच.

उद्या ‘डिव्हिजन बेल’ काढायचा. त्यातलं ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ राइटनं स्वतः गायलंय.