संमतीपत्राचे चार महिने (माझा अनुभव)

प्रयोगाला तीन आठवडे लागले, संमतीपत्राला चार महिने. आठवलं की अजून डोकं तापतं.

नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर पक्ष्माभिका (केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू) असतात. एकेका पेशीवर सुमारे २००, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि कफ, धूळ घशाकडे ढकलतात. पेशी आतून आम्ल झाली की त्या मंदावतात, अल्कलाइन झाली की वेग घेतात. मायामी विद्यापीठातल्या गटाने २००४ साली माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर हे दाखवलं होतं. मला तेच निरोगी लोकांच्या नाकातल्या पेशींवर बघायचं होतं. बारीक ब्रश फिरवून पेशी काढायच्या (डोळ्यांत पाणी येतं, बाकी काही नाही), पुढचं सगळं लॅबमधल्या बशीत.

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने सहभागींसाठी मराठी संमतीपत्र मागितलं, ते रास्तच. मी इंग्रजीवरून भाषांतर करून दिलं. शेरा आला: ‘पक्ष्माभिका’ सोप्या भाषेत लिहा. ‘नाकातले सूक्ष्म केस’ असं केलं. पुढच्या महिन्यात: केस उपटणार आहात का? तेही निस्तरलं. मग ‘पेशींची आम्लता बदलण्यात येईल’ या वाक्यावर: सहभागींना अ‍ॅसिडिटीचा त्रास झाल्यास जबाबदार कोण? नाकात अ‍ॅसिड घालणार का?

शंका चुकीच्या नव्हत्या. आपल्याकडे अ‍ॅसिडिटी म्हणजे पित्तच. पण बैठक महिन्यातून एकदा आणि दर वेळी एकच शंका! पहिल्याच बैठकीत सगळं विचारलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. शिवाय प्रत्येक दुरुस्तीला नवा व्हर्जन नंबर, नवी तारीख, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी), पुन्हा सह्या. एकदा तर फक्त तळटिपेतली जुनी तारीख राहिली म्हणून फाइल परत आली. पानापानावरची तारीख तपासूनच द्या.

शेवटी लॅबमधल्या मावशींना कागद वाचायला दिला. त्या म्हणाल्या, “म्हणजे पेशी आधी काढून घेणार, मग बशीत काय ते करणार. माणसाला काही नाही. मग तेच आधी लिही ना, ताई.” तेच वाक्य पहिलं घातलं. मंजुरी आली. तुम्हीही इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीत लिहा, आणि कमिटीआधी मावशींना दाखवा.

मंजुरीनंतर सगळं भराभर झालं. एक सांगायचं राहिलं: बायकार्बोनेटचं मीडियम (पेशी ज्यात ठेवतात तो द्रव) इनक्युबेटरबाहेर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरलेल्या उबदार पेटीबाहेर, ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, लालसर मीडियम गुलाबी-जांभळं होतं आणि पीएच (आम्लतेचं माप; चढला की अल्कलाइन, उतरला की आम्ल) तुमच्या नकळत चढतो. तापमानही ३७ अंशच हवं, थंडीत पक्ष्माभिका तशाही मंदावतात.

आम्लता बदलायला अमोनियम क्लोराइड दिल्यावर पेशी आधी अल्कलाइन होते, ते धुऊन काढलं की आम्ल. धुतल्यावर पडद्यावर ती भरभर लवलवणारी झालर संथ झाली. मी श्वास रोखून बघत होते. पेशीने आपला पीएच सावरला, तशी ती पुन्हा वेगात आली.